धातूंचे नॅनोकण आणि गोड्या पाण्यातील मासे : विषारीपणाची विश्वासार्ह चाचणी कशी करावी

धातूच्या नॅनोकणांची माशांवर चाचणी घेणे वरवर पाहता सोपे वाटते. टाकीत मासे सोडायचे, ठरलेल्या प्रमाणात कण मिसळायचे, ९६ तास वाट पाहायची आणि मेलेले मासे मोजून निम्मे मासे ज्या संहतीला मरतात ती संहती, म्हणजे एलसी५०, काढायची. साध्या विरघळणाऱ्या रसायनासाठी ही पद्धत पुष्कळ अंशी पुरेशी ठरते. नॅनोकणांच्या बाबतीत मात्र बाटलीवर लिहिलेली वस्तू आणि माशाच्या कल्ल्यांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेली वस्तू यांत मोठे अंतर पडते. पाण्यात पडताच काही कण एकमेकांना चिकटून पुंजके बनतात, काही तळाशी बसतात, काहींमधून धातूचे आयन सुटतात आणि काही काचेला चिकटून राहतात. मासा यांपैकी कशामुळे मेला याचे उत्तर देता आले नाही, तर हाती आलेल्या आकड्याचा उपयोग फार थोडा. म्हणून या लेखात मासे मोजण्यापेक्षा पाण्याकडे अधिक लक्ष दिले आहे, आणि तसे ते प्रयोगशाळेतही द्यावे असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : प्रश्न नेमका ठरवा

साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. चांदी, तांबे, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, सोने, सेरियम ऑक्साइड हे सगळे याच नावाखाली येत असले, तरी पाण्यातील त्यांचे वर्तन सारखे नाही. झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड पाण्यात लक्षणीय प्रमाणात विरघळतात. चांदीचे ऑक्सिडीकरण होऊन तिचे आयन सावकाश सुटत राहतात. टायटॅनियम डायऑक्साइड जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे विरघळणाऱ्या धातूसाठी मुख्य प्रश्न ‘कण की आयन’ असा असतो, तर न विरघळणाऱ्या कणांसाठी पुंजके, कल्ल्यांवर बसणारा थर आणि प्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रिया यांचा विचार आधी करावा लागतो. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, म्हणून अशा चाचणीत दिव्याचा प्रकार आणि त्याची तीव्रता नोंदवणे अनिवार्य आहे.

प्रौढ मासा वापरायचा की भ्रूण, हेही याच वेळी ठरवावे. प्रौढ वा किशोर माशांवरील तीव्र विषारीपणासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची मार्गदर्शिका वापरली जाते आणि तिची सुधारित आवृत्ती २०१९ सालची आहे. झेब्राफिशच्या भ्रूणांसाठी २०१३ साली स्वीकारलेली २३६ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. रेनबो ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवर करायची चाचणी २०२१ पासून २४९ क्रमांकाने उपलब्ध आहे. या तिन्ही मार्गदर्शिका मुळात विरघळणाऱ्या रसायनांसाठी लिहिलेल्या आहेत. नॅनोपदार्थांसाठी त्यांत कोणते फेरफार करावेत हे सांगणारा ३१७ क्रमांकाचा स्वतंत्र दस्तऐवज २०२० साली आला. प्रयोगाची आखणी करण्यापूर्वी तो वाचणे टाळू नये. पेशी किंवा भ्रूण यांवर प्रश्नाचे उत्तर मिळत असेल, तर प्रौढ मासे मारण्याचे कारण उरत नाही. प्रौढ मासे वापरायचेच असतील, तर नीतिसमितीची लेखी मंजुरी मिळाल्याशिवाय एकही मासा टाकीत सोडू नये.

दुसरी पायरी : कण स्वतः तपासा

विक्रेत्याने दिलेल्या माहितीपत्रकावर विसंबून राहू नये. आलेल्या नमुन्याचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजावा आणि किमान काही शे कण मोजून आकाराचा विस्तार नोंदवावा. पाण्यातील आकारासाठी प्रकाश-विकिरणावर आधारलेली डीएलएस पद्धत सोयीची असली, तरी तिची मर्यादा ओळखून असावे. लहान कणांनी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात बदलते, म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण २० नॅनोमीटरच्या कणापेक्षा सुमारे १५,६०० पट अधिक प्रकाश विखुरतो. मोजके पुंजके असले तरी सगळा नमुनाच मोठ्या कणांचा असल्याचा भास होतो तो यामुळे. चांदीच्या कणांसाठी ४०० नॅनोमीटरच्या आसपास आणि सोन्यासाठी ५२० नॅनोमीटरच्या आसपास दिसणारे प्रकाशशोषणाचे शिखर हा स्वस्त आणि उत्तम पडताळा आहे. शिखर खाली बसले किंवा रुंद झाले, तर पुंजके होत आहेत किंवा कण विरघळत आहेत असे समजावे.

पृष्ठभागाचे क्षेत्रफळही काढून ठेवावे, कारण विषारीपणाचा संबंध वजनापेक्षा पृष्ठभागाशी अधिक असू शकतो. चांदीची घनता १०.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर २० नॅनोमीटर व्यासाच्या गोल कणांच्या एका ग्रॅममध्ये सुमारे २८ चौरस मीटर पृष्ठभाग असतो. व्यास १०० नॅनोमीटर असेल तर तो सहा चौरस मीटरांहूनही कमी भरतो. दोन्ही टाक्यांत वजनाने सारखीच चांदी असली, तरी मासे दोन निराळ्या परिस्थितींत असतात.

कणांवरील लेप कशाचा आहे हे विसरू नका. सायट्रेटचा लेप विद्युतभाराच्या आधाराने कणांना दूर ठेवतो आणि कठीण पाण्यात तो आधार लवकर ढासळतो, तर पीव्हीपीसारख्या बहुवारिकाचा लेप कणांमध्ये प्रत्यक्ष अडसर उभा करतो आणि जास्त टिकतो. सोन्याच्या नॅनोदंडांवर असणारे सीटीएबी हे द्रव्य तर स्वतःच अत्यंत विषारी आहे.

तिसरी पायरी : पाणी निवडा

बहुतेक प्रयोगांचे भवितव्य येथे ठरते, म्हणून येथे थोडे थांबू या.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात सोडियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १५० मिलिमोल असते, तर भोवतीच्या पाण्यात ते सहसा एक मिलिमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मासा कल्ल्यांतून सतत सोडियम आणि क्लोराइड आत खेचत राहतो म्हणूनच जगतो. चांदीचे आयन या ओढून घेण्याच्या यंत्रणेवर, विशेषतः कल्ल्यांतील सोडियम-पोटॅशियम एटीपेज या विकरावर, घाला घालतात. तांब्याचे आयनही सोडियमचे ग्रहण अडवतात, तर जस्त कॅल्शियमच्या मार्गात आडवे येते. पाण्यातील कॅल्शियम, सोडियम, क्लोराइड आणि सेंद्रिय द्रव्ये या लढाईत थेट सहभागी असतात. पाणी बदलले की एलसी५० बदलते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे.

आता चांदीचे उदाहरण घेऊन हिशेब करू. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या, चाचणीचे पाणी बनवण्याच्या प्रचलित कृतीत कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लिटरमागे २९४ मिलिग्रॅम घातले जाते, त्यामुळे पाण्यात सुमारे १४० मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिमोल क्लोराइड येते. सिल्व्हर क्लोराइडच्या विद्राव्यता गुणाकाराने पाहिले, तर अशा पाण्यात चांदीचा मुक्त आयन लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही, उरलेला अवक्षेपात किंवा क्लोराइडच्या संयुगांत जातो. याउलट अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या मध्यम कठीण पाण्याच्या कृतीत लिटरमागे सोडियम बायकार्बोनेट ९६, कॅल्शियम सल्फेट डायहायड्रेट ६०, मॅग्नेशियम सल्फेट ६० आणि पोटॅशियम क्लोराइड अवघे ४ मिलिग्रॅम असते. तेथे क्लोराइड जेमतेम २ मिलिग्रॅम असते आणि हीच मर्यादा सुमारे ३६० मायक्रोग्रॅमपर्यंत वर जाते. एकच चांदी, एकच मासा, आणि मुक्त आयनाच्या कमाल मर्यादेत ७० पटींहून अधिक फरक. झेब्राफिशच्या भ्रूणांसाठी सर्रास वापरले जाणारे ई३ माध्यम तर लिटरमागे ५ मिलिमोल सोडियम क्लोराइड घालून बनवतात, हे चांदीवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कठीणपणाचा दुसरा परिणाम कणांवर होतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे द्विभारी आयन कणांभोवतीचे विद्युत आवरण दाबून टाकतात आणि पुंजके वेगाने होऊ लागतात. ह्युमिक द्रव्ये कणांवर थर देऊन त्यांना तरंगते ठेवतात, पण तीच सुटलेले आयन बांधूनही ठेवतात. म्हणून मासे आणण्यापूर्वीच, निवडलेल्या पाण्यात केवळ कण घालून ते २४ तासांत किती खाली बसतात हे पाहावे. यासाठी २०१७ सालची ३१८ क्रमांकाची मार्गदर्शिका उपयोगी पडते. एका दिवसात निम्म्याहून अधिक धातू तळाशी जात असेल, तर कमी कठीण पाणी घ्यावे किंवा ते अधिक वेळा बदलण्याची तयारी ठेवावी. कण पाण्यात विखुरलेले ठेवण्यासाठी बाहेरचे द्रव्य घालणे हा मला शेवटचा उपाय वाटतो.

चौथी पायरी : निलंबन तयार करा

मूळ निलंबन, म्हणजे कण पाण्यात विखुरून केलेले मिश्रण, क्षारविरहित शुद्ध पाण्यात करावे आणि चाचणीच्या पाण्यात ते अगदी शेवटी मिसळावे. कोरडी पूड असल्यास सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी पुंजके फोडणारे यंत्र, लागतो. त्याची मिनिटे लिहून भागत नाही, नमुन्याला प्रत्यक्ष किती ऊर्जा मिळाली हे पाण्याच्या तापमानवाढीवरून मोजून लिहावे, कारण दोन यंत्रांची दहा मिनिटे सारखी नसतात. भांडे बर्फात ठेवावे. सोनिकेटरची टायटॅनियमची दांडी झिजून तिचे कण नमुन्यात मिसळतात, त्यामुळे दांडी बुडवण्यापेक्षा बंद भांड्याला बाहेरून ध्वनिलहरी देणे बरे. चांदीच्या बाबतीत अतिसोनिकेशनने आयनांचे सुटणे वाढते हेही ध्यानात घ्यावे. निलंबन दररोज ताजे करावे, कारण फडताळात महिनाभर राहिलेली चांदीची बाटली म्हणजे आयनांचा साठा असतो.

काचेची सगळी भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने धुवावीत. चाचणीच्या टाक्या आदल्या दिवशी त्याच संहतीच्या निलंबनाने भरून ठेवाव्यात आणि चाचणीच्या सकाळी ते ओतून ताजे भरावे, म्हणजे काचेला चिकटणारा धातू आधीच चिकटून होतो आणि चाचणीतला ऱ्हास कमी होतो.

पाचवी पायरी : नियंत्रण गट

स्वच्छ पाण्याचा एक नियंत्रण गट ठेवून थांबणे ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. २००४ साली फुलरीनच्या, म्हणजे कार्बनच्या नॅनोकणांच्या, संपर्कामुळे लार्जमाउथ बास माशाच्या मेंदूत ऑक्सिडीकरणाचा ताण दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याची मोठी चर्चा झाली. ते निलंबन टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकाच्या साहाय्याने बनवलेले होते. पुढे २००७ साली झेब्राफिशच्या पिलांवरील कामातून दिसले, की अशा निलंबनाचे परिणाम फुलरीनपेक्षा त्या द्रावकाच्या विघटनातून निघालेल्या पदार्थांशी जुळतात. उदाहरण धातूचे नसले तरी धडा तोच आहे.

किमान चार गट हवेत. पहिला, स्वच्छ पाण्याचा. दुसरा, लेपाचा किंवा स्थिरकाचा, आणि तो शक्यतो मूळ निलंबन अल्ट्राफिल्टरमधून, म्हणजे नॅनोकणही अडवणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, गाळून मिळालेल्या द्रवाचा असावा, म्हणजे कण सोडून बाकी सारे त्यात येते. तिसरा, त्याच धातूच्या क्षाराचा : चांदीसाठी सिल्व्हर नायट्रेट, तांब्यासाठी कॉपर सल्फेट, जस्तासाठी झिंक सल्फेट. चौथा, त्याच पदार्थाच्या मोठ्या, मायक्रोमीटर आकाराच्या कणांचा. तिसऱ्या गटात क्षाराची मात्रा ठरवताना पुष्कळ जण कणांइतकेच वजन घेतात, आणि मग ‘कण आयनांपेक्षा कमी विषारी’ असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष बरोबर असला तरी त्यातून नवे काही कळत नाही. कणांच्या टाकीत जेवढा विरघळलेला धातू प्रत्यक्ष मोजला गेला, तेवढ्याच आयनांचा गट ठेवावा. त्यात मासे जगले आणि कणांच्या टाकीत मेले, तरच मृत्यूचे कारण केवळ विरघळलेल्या धातूत नाही असे म्हणण्यास आधार मिळतो. तांब्याच्या नॅनोकणांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या झेब्राफिशच्या अभ्यासात नेमके हेच केले होते. तेथे ४८ तासांची एलसी५० लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आली, मुख्य इजा कल्ल्यांना झाली, आणि विरघळलेल्या तांब्याने एकट्याने हा परिणाम समजावता आला नाही.

सहावी पायरी : मासे आणि प्रत्यक्ष चाचणी

मासे एकाच स्रोतातील आणि जवळपास सारख्या आकाराचे असावेत. चाचणीच्याच पाण्यात किमान आठवडाभर त्यांना सरावू द्यावे. या काळात एका आठवड्यात १० टक्क्यांहून अधिक मासे मेले, तर तो संपूर्ण गट नाकारावा. चाचणीपूर्वी किमान २४ तास खाद्य बंद करावे आणि चाचणीतही देऊ नये, कारण खाद्य आणि विष्ठा दोन्ही धातू बांधतात. माशांचे एकूण वजन एका लिटर पाण्यामागे एका ग्रॅमपेक्षा कमी राहील इतपत मोठी टाकी घ्यावी.

आधी एक ढोबळ चाचणी थोड्या माशांवर दहापटीच्या अंतराने करून टप्पा शोधावा. मुख्य चाचणीत किमान पाच संहती, प्रत्येकीत किमान सात मासे आणि दोन लगतच्या संहतींत २.२ पटींपेक्षा जास्त अंतर नको. दर २४ तासांनी पाणी बदलावे. हवा सोडताना बुडबुडे जोरात सोडू नयेत, कारण ते कणांना पृष्ठभागावर फेसात गोळा करतात. विरघळलेला ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाऊ देऊ नये, आणि सामू, तापमान व कठीणपणा रोज नोंदवावा. नियंत्रण गटात १० टक्क्यांहून अधिक मासे मेले तर चाचणी रद्द समजावी.

पहिल्या दिवशी काही तासांतच आणि नंतर दिवसातून किमान दोनदा निरीक्षण करावे. केवळ जिवंत किंवा मृत एवढेच लिहू नये. कल्ल्यांची हालचाल वेगाने होणे, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, खोकल्यासारखे झटके देणे, अंगावर आणि कल्ल्यांवर श्लेष्मा वाढणे, तोल जाणे ही लक्षणे वेळेसह लिहावीत. त्यांवरून श्वसनाला अडथळा झाला की आयनांचा तोल बिघडला याचा अंदाज बांधता येतो. मरणोन्मुख मासा ओळखण्याचे निकष आधीच लिहून ठेवावेत आणि तसा मासा दिसताच बायकार्बोनेटने सामू सावरलेल्या ट्रायकेन या भूल देणाऱ्या औषधाच्या अतिमात्रेने त्याचे हाल संपवावेत. आकड्यासाठी त्याला तडफडत ठेवणे क्षम्य नाही.

भ्रूणांवरील चाचणीत प्रत्येक संहतीला २० भ्रूण, तापमान २६ अंश सेल्सिअस, आणि गर्भाचे गोठणे, कायखंड (शरीराचे सुरुवातीचे खंड) न बनणे, शेपूट सुटी न होणे व हृदयाचा ठोका नसणे हे चार निकष पाहिले जातात. अडचण अंडावरणाची आहे. झेब्राफिशच्या अंडावरणातील छिद्रे सुमारे ०.५ ते ०.७ मायक्रोमीटरची असतात, त्यामुळे सुटे नॅनोकण आत जाऊ शकतात, पण पुंजके बाहेर अडतात आणि छिद्रे बुजवतात. पिले साधारण ४८ ते ७२ तासांत बाहेर पडतात. तांबे आणि जस्त यांचे आयन अंडावरण विरघळवणाऱ्या विकराला निष्प्रभ करतात, तेव्हा पिलू जिवंत असूनही आतच अडकते. म्हणून बाहेर पडण्याचा काळ स्वतंत्रपणे नोंदवावा.

सातवी पायरी : माशांच्या वेळी पाणीही मोजा

प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर टाकीच्या मध्यभागातून नमुना घ्यावा. एकूण धातूसाठी नमुना आम्लात पचवून आयसीपी-एमएस या धातूचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर मोजावा. विरघळलेल्या धातूसाठी ०.४५ मायक्रोमीटरची गाळणी वापरू नये. ही छिद्रे ४५० नॅनोमीटरची असतात आणि २० नॅनोमीटरचे कण त्यातून सहज निसटून ‘विरघळलेले’ म्हणून मोजले जातात. सुमारे ३ किलोडाल्टनचा अल्ट्राफिल्टर अपकेंद्री यंत्रात फिरवून वापरावा, आणि ज्ञात संहतीचे क्षाराचे द्रावण त्यातून गाळून पडद्याला किती धातू चिकटतो ते आधी तपासावे. आम्ल नेहमी गाळल्यानंतर घालावे, आधी घातल्यास कणच विरघळतात.

संहती घटली तर घातलेल्या मात्रेवर एलसी५० काढू नये. समजा, सकाळी १० मिलिग्रॅम असलेली संहती २४ तासांनी ३ मिलिग्रॅम उरली. घट घातांकी मानल्यास त्या दिवसाची कालभारित सरासरी ५.८ येते. दहाचा आकडा छापला तर पदार्थ प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसेल आणि ही चूक माशांच्या जिवावर बेतणारी आहे.

आठवी पायरी : ऊती आणि विकरे

कल्ले शुद्ध पाण्याने विसळून मोजलेला धातू म्हणजे शोषलेला धातू नव्हे. त्यातला बराचसा श्लेष्म्यात अडकलेला असू शकतो. आतड्यातील पदार्थ काढून टाकल्याशिवाय आतड्याचा आकडा देऊ नये, आणि खऱ्या अंतर्गत ग्रहणासाठी यकृत व वृक्क पाहावे. कल्ल्यांचे काप तपासताना पटलिकांची, म्हणजे कल्ल्यांतील पातळ पापुद्र्यांची, आवरणपेशी सुटून वर उचललेली असणे, पेशींची अतिवाढ आणि शेजारच्या पटलिका एकमेकींना जोडल्या जाणे या बदलांना गुण देऊन मोजावे, आणि तपासणाऱ्याला काप कोणत्या टाकीचा हे कळू देऊ नये.

कॅटालेज, ग्लुटाथायोन, मेदाचे पेरॉक्सिडीकरण या, ऑक्सिडीकरणाचा ताण दाखवणाऱ्या आणि रंगमापनावर आधारलेल्या चाचण्यांत कण स्वतः प्रकाश शोषतात आणि रंगद्रव्य किंवा प्रथिनही चिकटवून घेतात. नियंत्रण गटातील ऊतीच्या अर्कात कण मुद्दाम घालून तीच चाचणी करावी. आकडा हलला तर त्या चाचणीवर विसंबू नये.

नववी पायरी : हिशेब आणि अहवाल

प्रोबिट किंवा लॉजिट पद्धतीने एलसी५० आणि तिची ९५ टक्के विश्वासमर्यादा काढावी. अर्धवट मृत्यूच्या संहती पुरेशा नसतील तर स्पिअरमन-कार्बर पद्धत चालते. एका टाकीतील सात मासे म्हणजे सात पुनरावृत्ती नव्हेत. विकरे, ऊती यांच्या तुलनेत पुनरावृत्तीचे एकक टाकी असते, त्यामुळे टाक्यांची संख्या आधीच ठरवावी.

अहवालात एलसी५० तीन प्रकारे द्यावी : मोजलेल्या एकूण धातूवर, मोजलेल्या विरघळलेल्या धातूवर आणि शक्य असल्यास पृष्ठभागावर. पाण्याची पूर्ण रासायनिक घडण, लेप, सोनिकेशनची ऊर्जा आणि पुंजक्यांचा काळागणिक बदलता आकार सोबत असावा. नैसर्गिक पाण्यातील नॅनोचांदीचे अंदाज बहुधा नॅनोग्रॅम प्रति लिटरच्या पातळीवर मांडले जातात, तर तीव्र चाचण्या बहुतांशी मायक्रोग्रॅम ते मिलिग्रॅमच्या पातळीवर होतात. त्यामुळे ९६ तासांच्या निकालावरून नदीबद्दल विधान करू नये. त्यासाठी माशाच्या प्रारंभिक अवस्थांवरील दीर्घ चाचणी, म्हणजे २१० क्रमांकाची मार्गदर्शिका, किंवा आहारातून होणाऱ्या संचयासाठी ३०५ क्रमांकाची मार्गदर्शिका वापरावी.

चाचणी संपल्यावर टाक्यांतील पाणी, गाळणीचे पडदे आणि मेलेले मासे धातुयुक्त घातक कचरा म्हणून वेगळे साठवावेत आणि अधिकृत व्यवस्थेकडे द्यावेत. यांपैकी काहीही बेसिनमध्ये ओतू नये. टाक्या पुढच्या चाचणीसाठी वापरण्यापूर्वी पुन्हा आम्लाने धुवाव्यात आणि धुतल्यानंतर त्यांत चोवीस तास राहिलेल्या स्वच्छ पाण्यात धातू मोजून पाहावा. तो नियंत्रण गटातील पाण्याइतकाच आला, तरच ती टाकी पुन्हा वापरण्यास योग्य समजावी.